पायाच्या चरकीचे साक्षीदार

माह्या येडेपणाची गोष्ट मीच सांगतो बाप्पा. दुसऱ्याच्या तोंडून आयकाल त तो मीठमसाला लावंन!

ते कापसाच्या तेजीचे दिवस. विलायतेले वऱ्हाडचा कापूस पुरे ना. घरोघर सरकी काढाची चरकी दिवसभर कुरकुरे. एकानं दांडी फिरवाची, दुसऱ्यानं कापूस लावाचा. मी सुतार माणूस. चरकीले खालून पायाची फळी लावली. पाय हालवा, चरकी फिरते, दोन्ही हात मोकळे! एका माणसात काम!

आन अकोल्याच्या बाजारात काय पाहतो? सखाराम सुतार हुबेहूब तशीच चरकी इकून राहिला!

"काहून बे? ही माही अक्कल हाय!"

"अक्कल तुही असंन, लाकूड त माहं हाय!"

आयकलं? चोर तो चोर, वर शिरजोर!

तडक कचेरीत गेलो. कारकून पुण्याकडचा, बोलणं मोठं सोवळं. म्हणाला, "कलकत्त्याच्या सरकारचा कायदा आहे. नवी युक्ती काढणाऱ्यालाच तिचा मक्ता मिळतो. पण ती नवी आहे, हे दाखवावं लागेल. साक्षीदार असतील तर आणा."

साक्षीदार? बैलबंड्या जुंपून अर्धं गाव नेलं, संगं माही चरकी बी!

कारकुनानं आमच्या गंगूमावशीले इचारलं, "बाई, ही चरकी आधी पाहिली होती?"

"पाह्यली? दोन हंगाम झाले, रोज चालवतो न मी!"

"माह्या घरी दोन हायेत," पाटील म्हणाले.

"लेकीच्या सासरी बी धाडली म्या!" मागून कोणीतरी.

मी मिशीवर ताव देऊन राहिलो. वरून ओरडलो, "लिहा, रावसाहेब! साऱ्या तालुक्यानं पाह्यली, माह्याच हातची!"

कारकुनानं लेखणी खाली ठेवली. "मग नवी कुठं राहिली? लोकांच्या वापरात आलेली युक्ती कायद्याला नवी नाही. मक्ता मिळायचा नाही. आता ती कोणीही करावी."

"म्हंजे चोर सुटला आन धनी बुडाला?"

"साक्षीदार तुमचेच आहेत हो!"

हा काय न्याय झाला? पाय आपटत बाहेर आलो. आंगणात अमरावतीचे दोन सुतार माही चरकी उलटी करून पाहत होते.

"सांधा कच्चा हाय बे," एक म्हणे. "सखारामचा पक्का."

आता सांगा, हे आयकून कोण गप बसन? तिथंच मांडी घातली. खुंटी कुठं, पाचर कोणत्या लाकडाची, फळी किती ढिली, सारं खोलून दाखवलं. वरून दम देला, "तुमी बनवसान तवा अस्साच सांधा करजा! नाई त माहं नाव खराब व्हईन!"