बिनफोडणीची वाटी

पाळण्याच्या कडीला शकुंतलाबाईंनी दही टांगलं तेव्हा दुपारचे बारा वाजून गेले होते. त्या कडीला त्यांच्या तीन लेकरांचे पाळणे हलले होते. आता जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेलं दही लोंबत होतं आणि खाली ठेवलेल्या पितळी गंजात पाणी ठिबकत होतं. टप्. बऱ्याच वेळाने पुन्हा टप्.

मधुकररावांच्या छातीत कळ आली ती अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीनंतर. दवाखान्यातून परतले तेव्हा डॉक्टरांनी तेल-तूप बंद करून कच्च्या भाज्या सांगितल्या होत्या. सेलूच्या बाजारात तीस वर्षं कापडाचं दुकान चालवलेला माणूस ताट बघायचा आणि सरकवून द्यायचा.

"मी काय बैल आहो, काकड्या अन् गाजरं चावाले?"

तीन आठवडे दोन घास भातावर निघाले. सदरा खांद्यांवरून ओघळायला लागला.

सून आचल नागपूरची. कॉलेजात शिकलेलं एक तिला आठवलं. साय काढलेल्या दुधाचं दही बांधायचं, चक्का लोण्यासारखा घोटायचा, त्यात सांबार म्हणजे कोथिंबीर, पुदिना, लसूण अगदी बारीक चिरून घालायचं. "भाज्या त्यात बुडवून खायच्या. डिप म्हणतात त्याला, आई."

"अन् फोडणी?"

"फोडणी नाही."

शकुंतलाबाई कडीखाली भिंतीला टेकून बसल्या आणि ठिबकण्याच्या नादात त्यांचा डोळा लागला. टप् दूर गेलं. माहेरच्या आंजी गावची विहीर आली, तिथलं अंगण आलं, मग याच घराचं स्वयंपाकघर, पण सासूबाई गेल्या त्या वर्षीचं. सुतकात फोडणी देत नाहीत. दहा दिवस शेजारच्या लसणाचा वास भिंतीवरून यायचा आणि यांचं घर मुकं. स्वप्नात मधुकररावांची टोपी खुंटीला होती. चूल पेटलेली, भांड्यांत काही शिजत होतं, आवाज मात्र कशाचाच नव्हता.

त्या दचकून उठल्या. आचलने चक्का घोटून वाटीत काढला होता. पांढऱ्यावर हिरवी नक्षी, पुदिन्याचा गार वास. शेजारी काकडी, गाजर, मुळ्याच्या लांब फोडी.

"न्या ना, आई."

"मले नाई नेता येत." त्यांनी हात पदरात घेतले. "बिनफोडणीचं कोणाच्या घरी शिजते, तुले ठाऊक नाई काय?"

आचलला ठाऊक होतं. तीही वाटीकडे बघत उभी राहिली.

मग शकुंतलाबाईंनी लोखंडी पळी गॅसवर धरली.

"आई, तेल..."

"नाई घालत वं."

पळी लाल होईस्तोवर त्या थांबल्या. चिमूटभर जिरं टाकलं, ते तडतडलं. मग गंजातलं दह्याचं पाणी बोटांनी त्यावर शिंपडलं.

चर्र!

आवाज माजघर ओलांडून बैठकीत गेला. जिऱ्याचा वास त्याच्या मागोमाग.

"अवं, फोडणी दिली काय?" बाहेरून मधुकरराव म्हणाले. "डाक्तरनं नाई म्हटलं ना?"

"दिली. डाक्तर पाहाले येते काय?"

जिरं वाटीवर भुरभुरून त्या बाहेर आल्या. मधुकररावांनी काकडीची फोड बुडवली, कर्रकन चावली, मग वाटी उजेडात धरून तिरपी केली.

"तेल तं दिसून नाई राह्यलं."

"आयकू आली ना, अजी? मंग खा चुपचाप."

त्यांनी बायकोकडे जरा वेळ बघितलं. मग गाजर उचललं.

"मीठ कमी आहे," ते म्हणाले आणि मुळ्याकडे हात नेला.

तीन आठवड्यांत पहिल्यांदाच त्यांनी ताट न सरकवता जेवणाला नाव ठेवलं होतं. शकुंतलाबाई आत गेल्या. फडकं धुऊन वाळत घालायचं होतं, उद्यासाठी विरजण लावायचं होतं.