बिंदुमाधवांचे रबरी बुश

चिकपेटेतल्या हार्डवेअरच्या दुकानात गल्ल्यावर सूर्यकांतअण्णा बसत आणि बाकी सगळीकडे त्यांचे धाकटे भाऊ बिंदुमाधव. अण्णा म्हणाले म्हणून यांचे कॉलेज सुटले, अण्णा म्हणाले म्हणून येलहंक्याच्या स्थळाला नकार गेला, आणि पुढे अण्णा काहीच म्हणाले नाहीत म्हणून लग्नच राहिले. अण्णांना न विचारता त्यांनी आयुष्यात एकच गोष्ट केली: मायदेशी परतणाऱ्या एका जर्मन इंजिनियरची मोटरसायकल विकत घेतली.

तिला चेन नव्हती. इंजिनातून निघालेला दांडाच मागचे चाक फिरवी. रविवारी बसवनगुडीतून ती निघाली, की बिंदुमाधव पाठीला कणा असलेल्या माणसासारखे दिसत.

त्र्याण्णव साली ती रुसली. दांडा आणि चाक यांच्या मध्ये झटके सोसायला रबरी बुश असतात. त्या घरात बिंदुमाधव होते, तसे. ते झिजले, गाडी निघताना खाडकन हिसका देऊ लागली, आणि गोदामात जाऊन बसली. अण्णांना गोदामात पाइप ठेवायचे होते.

"बिंदू, आयुधपूजेला स्वतःच्या चाकांवर दारात आली तर राहू दे. नाहीतर देवाप्पाला देऊन टाकू." देवाप्पा म्हणजे भंगारवाला, आणि आयुधपूजा म्हणजे खंडेनवमी, दारात वाहनांना कुंकू लावून कोहळा फोडायचा दिवस.

मी त्याच दुकानात हिशेब लिहीत असे. माझा मेव्हणा विलास कामानिमित्त जर्मनीत होता. त्याच्याकडून मी बुश मागवले. ते पूजेच्या आदल्या दिवशी पोचले. बिंदुमाधवांनी पुडी नाकाशी धरली. "काय हो, नव्या चपलेसारखा वास!"

आता या दुकानाचा शिरस्ता असा, की नवा माल आला की आधी रॉकेलात. बोल्ट असो, बिजागरी असो, वरचे ग्रीस निघाल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हाती द्यायची नाही. संध्याकाळी बिंदुमाधवांनी मागचे चाक उतरवले, जुने बुश ठोकून काढले, नवे रॉकेलाच्या डब्यात सोडले आणि समाधानाने जेवायला गेले. विचार केलाच नाही. हात आपोआप गेला.

सकाळी रबर पुरीसारखे टम्म फुगले होते. चाकाच्या खोबणीत एकही शिरेना. साबण लावला, लाकडी हातोडीने ठोकले; एक बसला, पण फाटून.

"स्वल्प थांबा अण्णा," ते आतून ओरडले, "सुकले की बसतील!"

अण्णा खरेच थांबले. कोहळा फोडणे लांबवले, गुरुजींना पुन्हा कॉफी पाजली. माणूस दुष्ट असता, तर आम्हाला शिव्या घालून मोकळे तरी होता आले असते. शेवटी ते गोदामात आले.

"रॉकेलात कुणी टाकले रे?"

"मीच."

"अरे, रबर!"

"नवा माल होता, अण्णा."

अण्णा पूजेला परत गेले. तराजूला, ढकलगाडीला, अण्णांच्या स्कूटरला कुंकू लागले. मोटरसायकल आतच राहिली.

दुसऱ्या दिवशी देवाप्पा हातगाडी घेऊन आला. "सामी, चालत होती काय ही?"

"चालत होती म्हणजे? पळत होती!" अण्णाच उसळून म्हणाले. मग आवाज उतरला. "बिंदू, राहू दे का रे? विलासला सांगून पुन्हा मागवू बुश. पाइपांचं बघू काहीतरी."

मी मनात म्हटले, हो म्हणा हो, एकदा तरी.

"नको अण्णा," बिंदुमाधव म्हणाले. "तुम्ही एकदा ठरवलंत ना."

आणि देवाप्पाला एकट्याला झेपेना, म्हणून मागून स्वतः हात लावून त्यांनी ती हातगाडीवर चढवून दिली.