गच्चीवरचा धोतरा

माझी लेक विद्यापीठात विषारी झाडांवर संशोधन करते. विषबाधेने कुणी मेलं, की पोटातलं विष कुठल्या झाडाचं, ते शोधून पोलिसांना सांगते. रामघाटावर आमच्या गच्चीत मी महादेवासाठी धोतरा लावलाय. त्याची फळं न्यायला ती दर सोमवारी यायची. पुढच्या खेपेला हव्या त्या फळांना झाडावरच चिठ्ठी बांधून ठेवायची.

"आई, चिठ्ठीवालं देवाला वाहू नकोस."

"तुझ्यापायी महादेव उपाशी!"

मग चहा व्हायचा.

गेल्या खेपेला म्हणाली, "विभागातच धोतरा लावलाय. तुझी कटकट गेली."

"बरं झालं," मी म्हटलं.

पुढच्या सोमवारी ती आली नाही. महादेवासाठी फळं तोडली. चिठ्ठीवाल्यांना हात लावला नाही. चहा एकटीपुरता टाकला.