टोपीतली वाट

माझी बायको सालकिनाय ही आमच्या गावच्या दवाखान्यात नर्स आहे. उन्हाळ्यात गाव मेंढरं घेऊन वरच्या कुरणांत गेला, की तिचा दवाखाना घोड्यावर चालतो. लशी टोचायच्या, दात उपटायचे, बाळंतपणं करायची. बावीस उन्हाळे तिच्या घोड्यापुढं माझ्या वडिलांचं घोडं असायचं, कारण वरच्या वाटा त्यांच्याइतक्या कुणालाच ठाऊक नाहीत. मी शाळेत गणित शिकवतो. मी घोड्यावर बसलो तर घोड्यालाच माझी दया येते.

मग बाबांच्या गुडघ्यांनी दगा दिला. "ऑगस्टात एकदा जाऊन येतो. एकटाच. कुरणांचा निरोप घेतो, मग बस," ते म्हणाले. सालकिनाय त्या दिवशी धड जेवली नाही. "पुढच्या उन्हाळ्यात वर कुणी अडली आणि धुकं उतरलं, तर मी पोचणार कशी?" एवढं एकच तिचं चाललं होतं.

आरोग्य खात्यानं तिला लशींच्या नोंदींसाठी हातात मावणारा छोटा कॉम्प्युटर दिला होता. त्यात उपग्रहावरून वाट दाखवणारा प्रोग्रॅम घालता येतो, हे मी कुठंतरी वाचलं होतं. तेवढ्या भांडवलावर शहाणपणा पाजळत मी तिला राजधानीत, बिश्केकच्या बाजारात घेऊन गेलो.

दुकानदार तरुण होता आणि बोलायला फार. त्यानं आधी बोलणारा प्रोग्रॅम लावला. आतून एक बाई रशियनमध्ये म्हणाली, दोनशे मीटरवर उजवीकडे वळा. मी तर खूश!

"उजवीकडे दरी असली तर?" सालकिनायनं विचारलं. "आमच्याकडे रस्तेच नाहीत. आधी कुणी गेलेलं असेल, ती वाट दाखवणारं काही आहे का?"

"आहे, पण ते शिकारी लोक नेतात, ताई. खाली जुना लष्करी नकाशा, वर तुम्ही जाल तशी ठिपक्यांची रेघ. बोलत मात्र नाही हां."

"न बोलणारंच द्या. बोलणारं एक आहे घरी."

दुकानदार माझ्याकडे बघून हसला. मी छताकडे बघितलं.

आता उपग्रहाचे संदेश पकडणारं यंत्र. एक कॉम्प्युटरच्या खाचेत बसणारं होतं, स्वस्तातलं. दुसरं सुटं, काडेपेटीएवढं, बिनतारी. सालकिनायनं पिशवीतून आमच्याकडची लोकरीची उंच टोपी, नवा कोरा पांढरा कल्पाक, काढला आणि ते दुसरं यंत्र त्या टोपीच्या शेंड्यात सरकवलं.

"अहो ताई, टोपीत?"

"त्याला आभाळ दिसायला हवं ना? कॉम्प्युटर राहील खोगिराच्या झोळीत. घाल टोपी, आणि त्या चहावाल्यापर्यंत जाऊन ये."

कॉम्प्युटर काखेत, कल्पाक डोक्यावर, असा तो बिचारा दुकानाच्या पत्र्याखालून बाहेर पडून उन्हात दोन चकरा मारून आला. पडद्यावर त्याच्या चकरांची रेघ हुबेहूब उमटली होती. सालकिनायनं दोन्ही वस्तू घेतल्या, वर दिवसभर टिकणारी जाड बॅटरी मागून घेतली.

कल्पाकात डोक्याशिवाय काही ठेवायचं नसतं, या मताचे आमचे बाबा. त्यांना सांगितलं असतं तर यंत्र आणि आम्ही, सगळेच अंगणात गेलो असतो. म्हणून तिनं अस्तराआड खिसा शिवला आणि टोपी भेट म्हणून दिली. कॉम्प्युटर झोळीत रोट्यांखाली गेला. "औषधं आहेत, हलवू नका," असं सांगून.

बाबांनी टोपी घातली. "जड आहे," म्हणाले.

"लोकर चांगली आहे, बाबा."

त्यांनी सुनेकडे जरा जास्तच वेळ बघितलं आणि घोड्याला टाच मारली.

ते परतल्यावर आम्ही रेघ बघितली. सारी-तोर कुरणाच्या टोकापर्यंत सुरेख गेली होती. फक्त एका जागी सरळ सपाट खोरं सोडून ती उजवीकडे चढावर वळली होती आणि भला मोठा फेरा घेऊन पुन्हा खाली आली होती.

"म्हातारा भरकटला," मी म्हणालो. "पुसून टाक तो वळसा. सरळ रेघ ओढ, अर्धा तास वाचेल."

"माझ्यापुढं चालताना ते कधी भरकटले नाहीत," ती म्हणाली आणि रेघ तशीच ठेवली. रेघेला नाव द्यायचं होतं. आमच्याकडे सुना नवऱ्याचं आणि सासरच्या माणसांचं नाव घेत नाहीत. सालकिनाय तर लिहीतही नाही. तिनं नुसतं 'थोरले' लिहिलं.

पुढच्या जूनमध्ये वर कुरणात मेंढपाळ केन्जेबायच्या सुनेचे दिवस भरत आले. सालकिनाय एकटी निघाली. दुपारी डोंगरावर असं धुकं उतरलं, की आमच्या अंगणातून गोठा दिसेना. बाबा तोच कल्पाक घालून दारात बसले. मी सारखा घरात-बाहेर करत होतो. मला खरंच भीती वाटत होती.

चौथ्या दिवशी ती आली. मुलगी झाली होती, साडेतीन किलोची, आणि हिच्या हातांवर झाली होती.

बाबांनी एकच विचारलं. "वळसा घेतलास?"

"घेतला, बाबा. येताना धुकं निवळलं तेव्हा वरून बघितलं. खाली सगळी दलदल. वरून हिरवंगार गवत. सरळ गेले असते तर घोडं पोटापर्यंत रुतलं असतं."

मग म्हातारा माझ्याकडे वळला. "तू जन्मलास त्या दिवशी तेव्हाची नर्सबाई त्याच चिखलात रुतली होती. तिला बाहेर काढून वरच्या झऱ्यापाशी, तुझ्या आईजवळ, आणेपर्यंत तू येऊन मोकळा झालास. तुझी नाळ मी कापली. लोकर कातरायच्या कात्रीनं." त्यांनी टोपी सारखी केली. "काडेपेटी डोक्यावर बसवून पाठवलंत, तेव्हाच ठरवलं, ती जागा दाखवूनच येऊ."

माझा जन्म कुरणात झाला एवढंच मला ठाऊक होतं. बावीस उन्हाळे बाबा नर्सच्या पुढं का चालले, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

सालकिनायनं कॉम्प्युटर माझ्या हातात दिला. बाबा बोलत होते तेवढ्यात वळशाच्या माथ्यावर, झऱ्यापाशी, तिनं एक ठिपका केला होता. त्याच्यापुढची जागा रिकामी होती.

"तुम्हीच लिहा," ती म्हणाली. "मला नाव घेता येत नाही."

मी पडद्यावर लिहायच्या काडीनं एकेक अक्षर दाबत माझं नाव लिहिलं. मेदेर.