घोड्याच्या घरचं प्यादं

बुद्धिबळ खेळणारा प्रोग्राम मी स्वतः लिहिलाय, हे सांगताना माझी मान जरा जास्तच ताठ होते. होऊ द्या. दिवसभर एटापल्लीच्या शाळेत कॉम्प्युटर शिकवायचा आणि संध्याकाळी खोलीवर तीन वर्षं हा खटाटोप करायचा, हे काही खायचं काम नव्हतं.

आमच्या विज्ञानाच्या सरांनी मात्र तयार प्रोग्राम विकत आणला. "मॅडम, तुमचाही ठीक आहे," ते म्हणाले, "पण पोरायच्या बुद्धिबळ वर्गाले हाच लावू. याले कोणी हरवून नाई राह्यलं." झालं, माझं डोकं फिरलं. दहा डाव ठरले. एक डाव जरी बरोबरीत सुटला तर वर्गात माझा प्रोग्राम, नाही तर सरांचा. त्यांच्या प्रोग्रामला चालीला एक सेकंद, माझ्याला पूर्ण मिनिट, एवढी सूट मी मागून घेतली. लाज वाटली नाही. त्याच्यामागे पगारी माणसांची फौज होती, माझ्यामागे मी आणि अब्बा.

अब्बा चंद्रपूरला सुतारकाम करतात. हा खेळ त्यांनीच मला शिकवला, सागवानाच्या तुकड्यांतून कोरलेल्या मोहऱ्यांवर. तेच मोहरे घेऊन ते आले. दोन्ही लॅपटॉपवरच्या चाली ते पटावर मांडणार होते.

नऊ डाव मी हरले. सरळच सांगते. चौथ्यात माझ्या प्रोग्रामनं वजीर फुकट घालवला. सहाव्यात प्यादं शेवटच्या ओळीत पोचलं, तर त्याचा वजीर करायचा सोडून उंट केला. का, ते मला कळेना. सर गालातल्या गालात हसत होते. बाहेर सूरजागडहून खनिजाचे ट्रक जात, पट हादरे, आणि अब्बा मोहरे सरळ करत.

दहाव्या डावात माझ्याकडे उरला राजा आणि शेवटच्या ओळीच्या अलीकडे उभं एक प्यादं. समोर राजा आणि हत्ती.

"चाचा, आता वजीर मांडा," सर म्हणाले. "मंग हत्ती वरच्या ओळीत आला का मात."

खरं होतं ते. पण अब्बांनी पडद्याकडे न बघताच प्यादं उचललं आणि पुढच्या घरात घोडा ठेवला.

"काऊन चाचा? वजीर होते न!"

"घोड्याच्या घरी गेलेलं प्यादं घोडाच होते," अब्बा म्हणाले.

मी पडद्याकडे बघितलं. तिथंही घोडा! वर सरांच्या राजाला शह. समोरच्याला राजा हलवावा लागला, मात टळली. पुढं पन्नास चाली तो हत्ती आमच्या मागे लागला, पण हाती काही आलं नाही. मारामारीविना अशा पन्नास चाली झाल्या की बरोबरी धरतात.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. प्यादं ज्याच्या घरात पोचेल त्याचाच मोहरा, हा आपला देशी नियम. स्पर्धेच्या नियमात हवा तो मोहरा घेता येतो. मला ते पाठ होतं, पण लिहिताना हातानं अब्बांचा नियम लिहिला होता. सहावा डाव त्यानंच बुडवला, दहावा त्यानंच तारला. मी सरांना खरं ते सांगितलं. त्यांनी नियमांचं पुस्तक काढून दोनदा वाचलं. "घोडा घेता येते," ते म्हणाले. "डाव बरोबरीत."

मोहरे पिशवीत भरणाऱ्या अब्बांना मी म्हटलं, "अब्बा, ती माझी चूक होती. दुरुस्त करते."

"कर न दुरुस्त. पण चूक काऊन म्हणून राह्यली, बेटा? मीच शिकवलं होतं न तुले."

त्याच आठवड्यात मी नियम दुरुस्त केला. वर्गात मुलं आता माझ्याच प्रोग्रामशी खेळतात. तो सुरू होताना लिहिणाऱ्याचं नाव पडद्यावर येतं. पूर्वी तिथं माझं एकटीचं होतं. आता दोन येतात, आणि अब्बांचं वर आहे.