काळ्या टाकीतली दुसरी शाई

हे माझ्या नवऱ्याला माहीत नाही. माझ्या आईला माहीत नव्हतं, आणि ती गेली. जिला सगळ्यात आधी कळायला हवं होतं, तिला तर मुळीच माहीत नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण — कारण मलाही धड सांगता येत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

मी छपाईचं काम करते. पुस्तकांची छपाई नव्हे. कपावर फोटो, टी-शर्टवर वाघ, उशीवर नवरा-नवरीची नावं — त्याला सब्लिमेशन म्हणतात. गोंदियाच्या बाजारात माझं दुकान आहे. जिल्ह्यात कुठेही असा प्रिंटर अडला की फोन मला येतो. कोणी हिंदीत विचारतो, ‘भाभी, चेहरा हरा क्यों आ रहा है?’ कोणाच्या छपाईत आडव्या रेघा पडतात, कोणाचा कागद पावसाळ्यात ओल धरतो आणि ठिपके उठतात. मी दोन-चार प्रश्न विचारते, आणि बहुतेक वेळा दोष सापडतो. मला ते आवडतं. दोष कुठून सुरू झाला, त्याच्या मागे-मागे जात राहणं — खरंच आवडतं.

मग हा एक दोष मी इतकी वर्षं का झाकून ठेवला?

सुरुवातीपासून सांगते. मी लग्न होऊन कामठ्याला आले तेव्हा घरात सासू, भासरे म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ, त्यांची बायको प्रमिलाताई, त्यांची लहान मुलगी पल्लवी, आणि आम्ही दोघं. धानाची शेती. मी बी. एस्सी. झालेली, आणि घरात रिकामी बसणं मला जमत नव्हतं. नागपूरला मामेबहिणीकडे गेले असताना तिच्या शेजारच्या दुकानात मी ही छपाई पहिल्यांदा पाहिली. कागदावर छापलेला फोटो अगदी मरगळलेला होता, जुन्या साडीसारखा फिका. मला वाटलं, बिघडला. दुकानदारानं तो कागद पांढऱ्या टी-शर्टवर उलटा ठेवला, गरम प्रेसखाली दाबला, आणि उचलला — काय रंग होते ते! मी त्याला विचारून-विचारून भंडावून सोडलं. तापल्यावर त्या शाईची वाफ होते आणि ती वाफ पॉलिस्टरच्या धाग्यात शिरून बसते, म्हणाला. सुती कापडात का नाही शिरत? कपाला वेगळा थर का लावावा लागतो? त्याच्याकडची उत्तरं संपली, पण माझे प्रश्न संपले नाहीत.

प्रिंटर निवडायलाच आम्हाला बरेच दिवस लागले. खास याच कामासाठी बनवलेला प्रिंटर आमच्या आवाक्याबाहेर होता. दुसरा मार्ग म्हणजे साधा टाकीवाला प्रिंटर घ्यायचा आणि पहिल्या दिवसापासून त्यात सब्लिमेशनची शाई भरायची. त्याला एकदा जरी साधी शाई लागली तरी तो कामातून जातो. नागपूरच्या विक्रेत्यानं बजावून सांगितलं होतं, ज्या कंपनीची शाई पहिल्यांदा टाकाल तीच शेवटपर्यंत टाका, मध्ये बदलू नका. आम्ही म्हणजे मी आणि प्रमिलाताई. त्या माझ्यासोबत नागपूरला आल्या होत्या. आपली बचत त्यांनी यात घातली होती, कोणाला न विचारता.

ताईंबद्दल काय सांगू? त्यांनी कधी कॉम्प्युटरला हात लावला नव्हता. पण घरात मशीन आली आणि त्या लहान मुलीसारख्या झाल्या. फोटो जुळवणं माझं काम. शाई भरणं, कागद कापणं, प्रेसखालून गरम कागद उचलणं त्यांचं. दर वेळी रंग उमटला की त्या हसायच्या. दर वेळी! मग आम्हाला नादच लागला. कशाकशावर छापून पाहिलं आम्ही — धानाच्या पोत्यावर, सासूबाईंच्या स्टीलच्या पेल्यावर, पल्लवीच्या रिबिनीवर. एका प्लास्टिकच्या ताटलीचा तर प्रेसखाली पापड झाला. सासूबाई ओरडल्या, आणि आम्ही दोघी पदर तोंडात कोंबून हसत राहिलो. माझ्या सासरच्या घरात मला मिळालेली पहिली मैत्रीण ती. हे आधीच सांगून ठेवते.

हळूहळू कामं येऊ लागली. वाढदिवसाचे कप, शाळेच्या कबड्डी संघाचे टी-शर्ट. आणि मग नागझिऱ्याच्या वाटाड्यांची ऑर्डर आली. पावसाळ्यानंतर जंगल उघडायचं होतं, त्याआधी त्यांना वाघाचे टी-शर्ट हवे होते. आमच्यासाठी ती फार मोठी गोष्ट होती. दर हंगामाला नवे टी-शर्ट लागणार होते त्यांना.

नमुना काढला, तर वाघाचे पट्टे तपकिरी आले. काळे नाहीत, चहासारखे. मी उष्णता कमी करून पाहिली, वेळ बदलून पाहिली, रंगांची मांडणी बदलली. थोडा फरक पडायचा, पण तो काळा — जसा मला हवा होता तसा काळा — येईना.

माझ्याकडे एक बाटली होती. कागदाच्या दुकानदारानं कागदासोबत नमुना म्हणून दिलेली. काळी शाई, दुसऱ्या कंपनीची.

तुम्हाला कळलंच असेल. पण मला सांगू द्या.

दुपारची वेळ होती. ताई शेतावर डबा घेऊन गेल्या होत्या. मी काळ्या टाकीचं झाकण उघडलं. मला विक्रेत्याचं बोलणं आठवत नव्हतं असं नाही. चांगलं आठवत होतं. पण मनात एकच होतं — टाकली तर काय होईल? नुसतं पाहायचं होतं. टाकी अर्धी रिकामी होती, तिच्यात मी ती बाटली ओतली. थोडे कागद वाया घालवले, आणि मग जो वाघ आला! इतका काळा पट्टा मी पुन्हा कधी छापला नाही, आजच्या महागाच्या मशीनवरसुद्धा नाही.

ताई परतल्या. तो टी-शर्ट पाहून म्हणाल्या, “अवो, हा तं अंगावर येऊन राहिला.” मी म्हटलं, उष्णता जमली. आणि रिकामी बाटली मी माझ्या साड्यांच्या खाली ठेवली.

इथे मी नेहमी अडते. अजून काहीच बिघडलं नव्हतं, सगळं छान झालं होतं. मग मी ती बाटली लपवली कशाला? माझ्या हातांना माझ्याआधी काही कळलं होतं का? की ती सुंदर गोष्ट मला एकटीची म्हणून हवी होती?

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंनी सगळ्या टाक्या नव्या बाटल्यांमधून काठोकाठ भरल्या. त्यांचं नेहमीचं काम. दोन-तीन दिवस मशीन चालली. मग काळ्या रंगात रेघा आल्या. मग काळा रंग यायचाच बंद झाला. मी मशीनला हेड, म्हणजे जिथून शाई कागदावर सुटते तो भाग, साफ करायला लावलं, पुन्हा लावलं, पुन्हा लावलं. प्रत्येक वेळी तपासणीच्या कागदावर काळ्याची जागा आणखी रिकामी.

गोंदियाहून मिस्त्री बोलावला. ओसरीत सगळे जमले — सासूबाई, भासरे, माझे हे, ताई, मी. मिस्त्रीनं मशीन उघडली, काळी नळी काढली आणि बोटावर घेऊन दाखवली. शाई नव्हतीच ती, सायीसारखं काहीतरी घट्ट झालं होतं. तो म्हणाला, “इसमें दो तरह की स्याही मिल गई है. हेड गया समझो. किसने डाली?”

मी ताईंकडे पाहत नव्हते. मग त्यांचाच आवाज आला, हळू.

“शाई तं मीच भरली होती. नवीन बाटल्या होत्या. माह्याकडूनच दुसरी पडली का वो, रेखा?”

त्या मला विचारत होत्या. मशीनमधलं मला कळतं, म्हणून मला. मी नाही म्हणू शकत होते. ‘ताई, मी टाकली’ एवढंच म्हणायचं होतं. भासरे काय बोलले असते? माझ्यावर ते आवाज चढवत नसत, धाकट्या भावाची बायको म्हणून. सासूबाई आठवडाभर कुरकुरल्या असत्या. ह्यांनी हसण्यावारी नेलं असतं. माझं असं काय जाणार होतं?

मी म्हटलं, “असू शकते, ताई.”

बस, एवढंच. हेच ते.

भासरे सगळ्यांसमोर ताईंवर बोलले. “बाटली वाचता येत नाही, अन् मशीन पायजे. कायले हात लावते?” ताई खाली मान घालून त्या नळीकडे पाहत राहिल्या. माझ्या नवऱ्यानं संध्याकाळी माझीच समजूत घातली, जाऊ दे, वहिनीला काय कळतं. मी ते ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी ती रिकामी बाटली मी घरामागच्या बोडीत, लहानशा तळ्यात, फेकली. तरंगत राहिली ती. काठीनं बुडवावी लागली, तर मी तेही केलं.

वाटाड्यांनी टी-शर्ट दुसरीकडे करून घेतले. पुढे माझ्या माहेरच्या मदतीनं नवा प्रिंटर आला. तेव्हा मी ताईंना म्हटलं, या ना. त्या म्हणाल्या, “नाही वो, माहा हात वाईट हाय.” मी आग्रह केला नाही. खरं सांगू? मला बरं वाटलं. त्या समोर नसल्या की मला काम करता यायचं. मी कॉम्प्युटरवर बसले की त्या दाराबाहेरून जायच्या, आत डोकावायच्या नाहीत. कधी गोठ्यात, कधी शेतात. त्यांनी नळीत बसलेल्या शाईबद्दल पुन्हा एक शब्द काढला नाही, आणि मीही नाही.

एवढ्यावर थांबले असते, तर तुम्ही म्हणाला असता, घाबरली बिचारी. पण मी थांबले नाही.

दुकान गोंदियात हलवलं, नाव झालं. बायकांच्या बचत गटांना शिकवायला मला बोलावू लागले. कोणता प्रिंटर घ्यावा, शाई कशी सांभाळावी, मशीन रोज थोडी तरी का चालवावी. शाई मिसळू नका हे नुसतं सांगून कोणाच्या लक्षात राहत नाही. म्हणून मी एक गोष्ट सांगू लागले. आमच्या घरी एक जाऊबाई आहेत, त्यांनी काय केलं माहीत आहे का? मी हात हलवून सांगायची, बाटली उलटी कशी धरली, झाकण कसं शोधत बसल्या. हे सगळं मी रचलेलं. बायका हसायच्या. दर वेळी त्यात काहीतरी नवं घालायची मी.

एकदा सामान बरंच होतं म्हणून ताईंना सोबत नेलं. आमगावला. मी गोष्ट सुरू केली, आणि अर्ध्यात आठवलं की त्या मागच्या रांगेत नमुन्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसल्या आहेत. थांबता आलं असतं. बायका वाट पाहत होत्या, पुढे काय झालं म्हणून. मी गोष्ट पूर्ण केली. सगळ्या हसल्या. ताईही हसल्या. पदर तोंडाला लावून.

परतीच्या एसटीत त्या माझ्या शेजारी बसल्या होत्या. खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या, “बरं सांगतेस तू. बायाईले समजते.” त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मी पुष्कळ शोधला. टोमणा असता तर मला फार बरं झालं असतं.

पल्लवी आता मोठी झाली. गेल्या वर्षी ती दुकानात आली आणि म्हणाली, “काकू, मलेही हाच धंदा करायचा हाय, कामठ्यातच. प्रिंटर कोनता घेऊ?” मी तिला सगळं शिकवलं, एकही गोष्ट हातची राखली नाही. प्रिंटर निवडायला सोबत गेले. हेड बिघडलं तर दुसरं कुठे मिळेल हे आधी विचारायला लावलं. तिनं मला विचारलं, “काकू, आईनं मिसळली तवा शाई लगेच घट्ट झाली, का दिवस लागले?” तिला नुसतं कुतूहल होतं, माझ्यासारखंच. तिचा चेहरा अगदी उघडा होता. मी म्हटलं, दोन-तीन दिवस लागले. हे तरी खरं होतं.

मागच्या महिन्यात पल्लवी परीक्षेला गोंदियाला आली होती. कामठ्यातल्या तिच्या दुकानाकडे लक्ष ठेवायला ताई थांबल्या. दुपारी त्यांचा मला फोन आला. दरेकशाहून एक माणूस आला होता, पल्लवीनं छापून ठेवलेला कागद कपावर लावून द्यायचा होता, तेवढंच. कप तयार, प्रेस तयार. लेकीच्या निकालाच्या दिवशी द्यायचा होता त्याला.

“मी नाही लावला हात,” ताई म्हणाल्या. “मले भेव वाटलं. पोरीची मशीन हाय, माह्याकडून बिघडन. वापस पाठवलं त्याले. बरं केलं ना?”

त्या थांबल्या होत्या, माझ्या उत्तरासाठी. माझ्या दुकानात कोणी नव्हतं.

मी म्हटलं, “बरं केलं, ताई.”

ती शाई मी टाकली होती. प्रमिलाताईंनी नाही.