चाळीस रुपयांचा घास

मैत्रिणींनो, आज दुपारी आमच्या टेबलावर आलं ते असं: भाज्यांची सुशी आठ नग, तीनशे वीस. नूडल्सचं सूप, दोनशे चाळीस.

औशाहून आई आलीय. टीव्हीवर बघून तिलाच हौस, म्हणून लातूरच्या नव्या जपानी हॉटेलात नेलं.

आईनं हात जोडले आणि रोजच्यासारखा पहिला घास गाईचा, म्हणून एक सुशी कागदी रुमालात गुंडाळली. माझ्या तोंडून निघून गेलं, "आई, चाळीस रुपयांचा घास हाय तो! गाईला घरी भाकर देऊ की."

शेजारच्या टेबलावरच्या पोरी हसल्या. आईनं सुशी परत ताटात ठेवली. "बरं बाई," एवढंच म्हणाली, आणि मग सूपसुद्धा दोनच चमचे घेतलं.

संध्याकाळी दारात गाय आली. मी भाकर घेऊन धावले. पायरीवर बसलेली आई म्हणाली, "घाल माय. ही स्वस्तातली हाय."

गाईचा घास काढायला मला तिनंच शिकवलं. आज दिवा लावताना देवाकडं बघवलं नाही. उद्या सकाळच्या गाडीनं आई परत जाणार. त्याच्या आत तिच्याशी काय बोलू? सुचलं तर आज रात्रीतच कळवा.